फलनिष्पत्तीचा रकाना

प्राचार्य म्हणाले, करा, पण खर्च नको.
आणि रजिस्टर ठेवा, नॅकवाले मागतात.

मी तासिका तत्त्वावरची.
शनिवारचा हा तास कुठल्याच बिलात बसत नाही
हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नोटीस मीच लिहिली:
सर्जनशील लेखन मंडळ, दुपारी तीन, भूगोलाची खोली.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणीतरी
'सर्जन'खाली रेघ मारून लिहिलं,
डॉक्टर कधी येणार?
मी खोडलं नाही.
जिंतूरच्या या कॉलेजात
मंडळाचं पहिलं लेखन तेच.

पाच जण आले.
एकाला वाटलं, पोलीस भरतीचा निबंध शिकवणार.
एकानं दारातूनच विचारलं, हजेरी लागती का?
नाही म्हटलं तरी आत येऊन बसला,
बाहेर ऊन होतं आणि आत पंखा.

खोलीत पृथ्वीचा गोल आहे, आसातून निखळलेला,
टेबलावर ठेवला की घरंगळतो.
तस्लीमनं आपणहून तो धरला.
एका हातानं पृथ्वी, एका हातानं लिहिणं.
वही सारखी सरकत होती.

मी म्हटलं, घरातला एक आवाज लिहा.
मॅडम, किती मार्काला?
मॅडम, समास सोडायचा का?
मॅडम, शुद्ध लिहायचं का आमच्यावाणी?
तुमच्यावाणी, म्हटलं,
आणि मलाच आठवेना
गेली नऊ वर्षं मी कुणावाणी बोलते.

मधेच वीज गेली.
पंखा तीन-चार फेऱ्या उधारीवर फिरला, थांबला.
हजेरीवाला उठला नाही.

तस्लीम बागवाननं वाचलं:
अब्बा टरबुजाला टिचकी मारतात, कान देतात,
आतलं त्यांना कळतं.
मला अजून कुणी टिचकी मारून पाहिलं नाही.

संघदीप खंदारेनं पहाटे चारचं मैदान लिहिलं,
सोळाशे मीटर, आणि डाव्या बुटाचा सुटलेला तळ.
तो फट्फट् वाजतो.
मी पळताना टाळ्या वाजवणारा, लिहिलं त्यानं,
तेवढाच आहे.
सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.

शेवंता आडे उभी राहून गोरमाटीत वाचू लागली.
'याडी' एवढा शब्द मला कळला,
तोही तिनं सात वेळा म्हटला म्हणून.
मराठीत सांगतेस का?
सांगते की मॅडम, पण मंग ती
दुसऱ्याच कुणाची माय होईल.
यावर काय बोलावं ते माझ्या एम.ए.त नव्हतं.
तिची तांड्याकडची एसटी साडेचारची. ती पळाली.

पाचवीनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.
वाचला नाही.
तिचं नाव मी इथंही लिहीत नाही.

मुंजाजी, म्हणजे हजेरीवाला,
त्याच्या पानावर एकच ओळ अकरा वेळा:
काही सुचंना.
काही सुचंना.
शेवटच्या ओळीत तेवढं वाढवलेलं,
काही सुचंना, पण बसलोय.

आता संध्याकाळी रजिस्टर उघडलंय.
दिनांक, विषय, उपस्थिती भरून झाली.
चौथा रकाना फलनिष्पत्तीचा.
मागची पानं चाळली. सगळ्यांनी एकच लिहिलंय,
'विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव मिळाला',
वादविवाद मंडळानं, रांगोळी स्पर्धेनं,
वृक्षारोपणानंसुद्धा.

पेन टेकवलं. उचललं.
शेजारी कुणाचा तरी कुकर तिसरी शिट्टी देता देता राहिला.
मग लिहिलं,
वीज गेल्यावर कुणी उठलं नाही.

रकाना अरुंद, अक्षर खाली उतरत गेलं,
तरी त्याच्याखाली आणखी एक ओळ मावली:
पुढच्या शनिवारी घरून
जुन्या लुगड्याची चुंबळ आणणे, गोलाखाली ठेवायला.
तस्लीमला दोन्ही हात लागतील.