फक्की

कुबडीच्या टोकाला मी रंगाचा रिकामा डबा बांधलाय,
तळाला खिळ्यानं पाडलेली सात भोकं.
वाकता येत नाही, म्हणून फक्की अशी पडते:
एक पाऊल, एक ठोका, थोडी पांढरी भुकटी,
मधेच उघडी काळी माती.
कळंबच्या शाळेमागचं मैदान
सकाळी सहाला माझ्या चालीसारखंच दिसतं,
तुटक, डावीकडं कललेलं.

मुली म्हणतात, सर, रेघ नागमोडी यायलीय.
येऊ द्या.
पळायचं तुम्हाला आहे, रेघेला नाही.

शिवकन्याचे वडील टमटम चालवतात.
पहिल्या दिवशी माझ्या कॅलिपरकडं न बघता,
म्हणजे तिकडंच बघत, त्यांनी विचारलं,
'सर, तुमी सोता खेळले का कदी?'
नाही, म्हटलं.
मी अकरा वर्षं गुणलेखक होतो.
टेबलामागं बसून, शिट्टीच्या अर्ध्या सेकंदात
कोण बाद, कसा बाद, हे लिहीत गेलो.
मग एक दिवस लक्षात आलं,
बाद व्हायच्या आधीच मी लिहायला लागलोय.

आणि पाय म्हणाल
तर पाय म्हणजे काय हे मला चांगलं माहितीय.
तुम्ही तो घेऊन उठता.
मला रोज सकाळी चार पट्ट्या आवळून
तो बांधावा लागतो.
वजन टाचेवरून चवड्यावर कुठं सरकतं,
कुठं अडतं,
कुठं नुसतं अडल्यासारखं करतं,
हे मी मुलींना डोळे मिटूनही सांगतो.
मुस्कान, डावी टाच. सत्यभामा, घोटा दुखायलाय, बस खाली.
'सर, तुम्हाला कसं कळलं?'
ऐकू आलं.

खांबावरची झेप मात्र दाखवता येत नाही.
मग खुर्चीच्या हातावर आठ चिंचोके मांडतो,
एक इकडं तोंड करून, एक तिकडं,
आणि माझी दोन बोटं त्यांच्यामधून पळतात.
ही बोटं कधी धापा टाकत नाहीत.
शेवटच्या चिंचोक्याला वळसा घालून
ती हवेत झेपावतात
तेव्हा सगळ्या जणी गप्प असतात,
आणि मीसुद्धा थोडा.

धाराशिवला जिल्ह्याच्या सामन्यात एका गुणानं हरलो.
तिथं प्रशिक्षकांची खुर्ची सात पायऱ्या वर होती.
मी खालीच, पाण्याच्या जारजवळ थांबलो;
माझा आवाज मुलींपर्यंत पोचायचा, पण शिळा होऊन.
परतताना टेम्पोत कुणी बोलेना.
मग मुस्कान म्हणाली,
'तिथली रेघ लईच सरळ होती, सर.'
येरमाळा येईपर्यंत हसत होतो.
सत्यभामा हसता हसता रडली, ते मी बघितलं नाही
असं ठरवलं.

परवा एक मुलगी कमी होती, घरी पाहुणे आलेले.
चौकोन एक रिकामा.
शिवकन्या म्हणाली, सर, तुम्ही बसा की,
नाहीतरी बसलेलेच असता.
बाकीच्या गार पडल्या.
मी म्हटलं, उचला खुर्ची.

आठव्या चौकोनात माझं तोंड कडुलिंबाकडं होतं.
पाठीमागं काय चाललंय ते दिसत नाही तिथून,
नुसते पाय, धूळ, श्वास.
इतकी वर्षं मुलींना सांगत आलो,
मागं बघायचं नाही, पाठीनं ऐकायचं.
आता माझी पाठ
एखाद्या नवख्या पोरीसारखी ताठ झाली होती.

आणि पडला हात.
मग, 'खो!'

कुबड्या झाडाला टेकवलेल्या, वीस पावलांवर.
मैदान थांबलं.
शिवकन्याचा हात तसाच माझ्या पाठीवर,
काढावा की ठेवावा ते तिला कळेना.

'फाऊल,' मी म्हटलं.
'हात आधी, आवाज मागून आला.
दोन्ही एकाच वेळी पाहिजेत.
चल, परत.'

संध्याकाळी घरी शर्ट काढायला हात वर केले
तर वनमाला म्हणाली,
'हे पाठीवर काय?'
फक्कीचा पंजा, चार बोटं स्पष्ट, अंगठा पुसट.
तिनं दोनदा हातानंच झटकला,
बोलली काही नाही.

नियमानं हाही फाऊलच.
मी तसाच बसून राहिलो, पाठ करून.