सातेरीच्या बदल्यात

मार्केट यार्डात बटाट्याचा सौदा उरकला
की आमच्या कमिटीची बैठक बसते,
दुकान नंबर सोळा, रिकाम्या पोत्यांवर.
सेक्रेटरी मी.
सातेरीला द्यायचा की ठेवायचा,
तीन रविवार हेच चाललंय.

हुक्केरीवाले देतायत दोन बॉलर.
एक डावखुरा. दुसऱ्याचं लग्न ठरलंय,
म्हणजे तो मेपर्यंतच.
वर एक मॅटिंग, फाटकं,
फोटोत ती बाजू दुमडून ठेवलेली.
गडहिंग्लजचं पत्र आलंय लेटरहेडवर:
एक कीपर, वीस हजार रोख,
आणि पुढच्या साली त्यांच्या नव्या पोरांतला
आम्ही बोट दाखवू तो.
भरमाण्णा म्हणाला, "ते पुढच्या सालचंच घ्या.
अजून खेळलेलं न्हाई, म्हणजे चुकलेलं बी न्हाई."
कल्लाप्पा म्हणाला, "जाऊ दे की गडहिंग्लजला.
आमच्यातला एक तरी महाराष्ट्रात जाऊ दे!"
सगळे हसले.
मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

वहीत दोन रकाने पाडले.
इकडं कीपर, बॉलर, मॅटिंग, रोख.
तिकडं सातेरी: वय एकोणतीस, उजवा गुडघा कुरकुरतो,
धावा बेताच्या, कॅच एकेचाळीस.
बाउंड्रीवरनं सुटलेला त्याचा थ्रो
टप्पा न घेता कीपरच्या हातात बसतो,
ते कुठं लिहायचं?
आणि येळ्ळूरच्या सेमीफायनलला
दोरीपाशी घेतलेला तो कॅच.
पंचानं बोट वर केलेलं, आम्ही नाचायलोय,
आणि ह्यानं हात हलवून सांगितलं,
टाच लागली, सिक्स द्या.
हरलो.
हे जमेला धरू की नावे?

हुक्केरीचा मॅनेजर यार्डातलाच दलाल.
"बोला की, दाजिबा," म्हणत
त्यानं माझ्या हातावर रुमाल टाकला
आणि खालून बोटं चाचपायला लागला,
बटाट्याचा भाव करतात तशी.
तीन धरली. मग अंगठ्यासकट सगळी.
मी मूठ मिटली.
मुठीचा भाव किती, ते त्याला मराठीत कळेना,
कानडीत मला सांगता येईना.

बाहेर सातेरी हमालीवर.
कुजके बटाटे निवडून
मान न वळवता मागं फेकत होता,
पंधरा पावलांवरच्या पाटीत.
एकही बाहेर पडला नाही.
मला बघून हात पुसले.
"ठरलं काय?"
"न्हाई अजून."
"कोण बी येऊ दे, खरं त्याला
मिडविकेटच्या दोरीवर लगेच उभा करू नका.
साडेचारनंतर ऊन सरळ डोळ्यात शिरतंय तिथं.
मला सवय झाल्या."

आत आलो तर कल्लाप्पा चहा सांगायलाय,
माणसं मोजत, बोट हवेत धरून.
"किती सांगू रे?
सातेरीला धरून, की सोडून?"