९.४२ ला गेलं

९.४२ ला गेलं. ९.४५ ला आलं.
१०.२० ला गेलं. यायचं नाव नाही.
जुन्या डायरीत, दुधाच्या हिशोबामागच्या पानांवर
आठवडाभर लिहून ठेवते आहे मी
हिंगण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वायफायची ये-जा,
आजारी माणसाचा ताप लिहावा तशी.

सगळं करून झालं.
राउटर बंद केला, तीसपर्यंत आकडे मोजले, चालू केला.
फ्रीजवरून काढून शोकेसवर,
मग पुस्तकांवर, मग थेट देवघराच्या डोक्यावर.
आप्पा काही बोलले नाहीत, फक्त बघितलं.
त्याचे दोन्ही कान कधी उभे केले, कधी आडवे.
चॅनेल एकवरून सहा, सहावरून अकरा,
कारण भोवती गर्दी केवढी!
यादी उघडली की अख्खी सोसायटीच डोकावते:
नगरकर_दुसरामजला, प्रगती_क्लासेस,
आणि सगळ्यात वर, सगळ्यात ठणठणीत,
स्वतःचे_घ्यावे.

तौसीफ आला, कंपनीचा टी-शर्ट, हेल्मेट काखेत.
मोबाईल पुढं धरून खोलीभर फिरला,
नारळ घेऊन पाणी शोधणाऱ्यासारखा.
"मॅडम, सिग्नल फुल आहे."
फुल होताच. तो असेतोवर लॅपटॉपही
पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या पोरासारखा.
लिफ्ट खाली पोचली न पोचली
तोच ते चाक पुन्हा गरगरू लागलं.

आप्पा टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं लाइनमन.
खांबावर चढून, दातात पकड धरून
कुणाकुणाची घरं बोलती केलेली त्यांनी.
"वायर कुठाय?" एवढंच विचारतात.
वायर नसतेच, आप्पा.
"मग तुटलं कुठं, हे कळायचं कसं?"

फोन तपासला, टीव्ही तपासला.
त्यांचं जात नव्हतं.
जायचं ते फक्त माझं.
मग डायरी परत वाचली, वेळेनं नाही,
त्या वेळी मी काय करत होते, तसं.
९.४२: पतसंस्थेचा ताळेबंद वाचत होते.
१०.२०: थकबाकीदारांची यादी. वाचतच.
मंगळवार, पावणेबारा: एका आकड्यापाशी अडलेले,
गालावर हात.
टाईप करताना एकदाही नाही.
मीटिंगमध्ये बोलताना एकदाही नाही.

मी गप्प बसले, की जायचं.

सेटिंगच्या पोटात सेटिंग, त्याच्याही पोटात
एका चौकोनात बारीक टिक:
वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे.
कुणी दिली ही परवानगी? मी तर नाही.
हात हलत नाहीत, म्हणजे समोर कुणी नाही,
असं धरून ते दिवा मालवून निघून जायचं,
आणि मी तिथंच असायची, चष्म्यामागं,
साडेचार लाखांचा फरक शोधत.

टिक काढली. दुपारभर वाचत बसले. गेलं नाही.

संध्याकाळी आप्पा तापकीर गल्लीतून आले,
पिशवीत पंधरा मीटर केबल, खिळ्यांची पुडी.
म्हटलं, आप्पा, सापडलं. आता लागायची नाही.
"असू दे," म्हणाले, आणि स्टुलावर चढले,
दोन खिळे दातात.
दाराच्या चौकटीवरून, कोपऱ्यात न दुमडता,
हातभर अंतरानं एकेक क्लिप ठोकत
इतकी सरळ आणली त्यांनी ती माझ्या खोलीपर्यंत
की रंगाऱ्यानंच मारलेली रेघ वाटावी.
मी खाली, स्टूल धरून.
अर्धा तास कुणीच काही बोललं नाही.

शेवटी वीतभर कमी पडली.
आप्पांनी केबलीकडं पाहिलं, मग टेबलाकडं.
टेबल सरकवलं आम्ही.
आता वाचताना खिडकी डावीकडं येते.