कूस

उभादांड्यात लवू रेडकर माडावरून पडला
तेव्हा सव्वीस नारळ आधीच खाली होते.
मी मोजत होतो.
सत्ताविसावा आवाज वेगळा आला.

"माजे पाय खंय आसत रे?"
पाय तिथेच होते,
चढायची दोरीसुद्धा घोट्यांतून निघाली नव्हती.

आम्ही चौघे धावलो. मी काखेत हात घातले,
दोघांनी गुडघे धरले, कुणी तोंडात पाणी ओतलं,
आणि त्याला मधोमध दुमडून
रिक्षात बसवला.
बसवला.
हा शब्द मी अजून चघळतो.

बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला.
मणका फुटलाय, कपची आत रुतलीय.
आत नसांचा सुंभ असतो, करंगळीएवढा.
पडताना तुटतं ते तुटतंच,
मग सूज चढते, रक्त अडतं,
रात्री खाडीत पाणी शिरतं तसं, न वाजता.
"उचललं कसं होतं?"
शेवंती खिडकीबाहेर बघत होती.
मी म्हणालो, "घाईत."

आठ स्क्रू, दोन सळ्या. हाड सांधलं.
सुंभाला गाठ मारता येत नाही म्हणाल्या.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई म्हणायची,
कुणाच्या तरी ताठ्याबद्दल.
इथे सुंभ अजून आहे, पीळ गेला.

शेवंती दिवसभर काजू सोलते,
म्हणून रात्री दोनची आणि चारची पाळी माझी.
डोकं, खांदा, कंबर एका दमात,
ओंडका वळवतात तसं.
घोट्याखाली उशी. माकडहाडावर बॅटरी मारायची,
कातडी लाल दिसते का.
पिशवी रिकामी करून वहीत लिहायचं: चारशे.
मागच्या पानावर नारळांचा हिशोब आहे,
तो कुणी पुरा केला नाही.

कधी पाय एकदम उडतो.
पहिल्यांदा शेवंती देवापुढे नारळ ठेवून आली.
व्यायामवाली पोरगी म्हणाली, झटका आहे तो,
लवूला विचारून येत नाही.

हात मात्र अजून पाडेल्याचे.
आढ्याला दोरी बांधलीय,
ती धरून तो स्वतःला ओढतो,
वीतभर, थांबून पुन्हा वीतभर,
दात आवळून, माझ्याकडे न बघता.

मी खाली उभा राहतो.
मोजतो.