फीलर गेज

महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला
रबाळे एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी दोनशे सहा माणसांचे पगार करते.
फाइलला कुलूप आहे.
पासवर्ड म्हणजे साहेबांच्या मुलीचं नाव
आणि तिचं जन्मवर्ष.

ओळ एक्केचाळीस : प्रमिला भोईर, तपासनीस, एकोणीस वर्षं.
ओळ बेचाळीस : निनाद कुळे, तपासनीस, अडीच वर्षं.
हुद्दा तोच, पाळी तीच,
कँटीनचे कापलेले तीनशे वीसही तेच.
बेसिकमध्ये सहा हजार दोनशेचा फरक.
मी तो दर महिन्याला टाइप करते,
एकही चूक न करता.

प्रमिलाताईंचं काम फटी मोजायचं.
पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा अॅप्रनच्या खिशात,
चालताना किल्ल्यांसारखा वाजतो.
दोन भागांच्या मध्ये पातं सरकवतात,
डोळे मिटतात
आणि बोटांनी ऐकतात.
केसाएवढी फट निघाली तरी माल परत.
त्यांच्या सहीशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नाही.
निनादला हे त्यांनीच शिकवलं,
"जोर लावू नको रं पोरा, पाता सोता सांगते."

आमचं पार्किंग आहे तिथं
त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं.
गाड्या लावणाऱ्यांना त्या काही म्हणत नाहीत.
जुलैत तिथं घोटाभर पाणी साचलं की एवढंच,
"त्याला याद हाय."

एकदा साहेबांना विचारलं होतं मी,
चहा घेताना, सहज बोलल्यासारखं.
"अहो, निनादला घर चालवायचंय."
प्रमिलाताईंच्या घरात चार माणसं आणि एक डायलिसिस.
ते घर बहुतेक चालत नसावं.
उतारावरून आपोआप घरंगळत असावं.

आणि फरक पगारापाशी थांबत नाही,
हे आकडे करणाऱ्यालाच कळतं.
पीएफचे बारा टक्के त्याच्यावर,
बोनस त्याच्यावर,
ग्रॅच्युइटीचे पंधरा दिवस त्याच्यावर.
उद्या त्या गेज परत करतील, सही करतील,
आणि ती फट त्यांच्या शेजारी रिक्षात बसून
घणसोलीला जाईल,
औषधाच्या दुकानात
दहाच्या पट्टीतल्या सहाच गोळ्या कापून मागेल.

या अठ्ठाविसाला चिठ्ठ्या छापल्या
आणि बेचाळिसाची चिठ्ठी
एक्केचाळिसाच्या पाकिटात गेली.
गेली म्हणजे
मी घातली.

जेवणाच्या सुट्टीत प्रमिलाताई वर आल्या.
चिठ्ठी टेबलावर ठेवली, घडी न मोडता.
"मना ठाव हाय, बाय.
पोरानंच सांगलान दिवालीला.
सांगताना त्याचाच तोंड उतरला होता."
मग खुर्ची ओढून बसल्या.
खिशातला जुडगा काढून
पाती एकेक उलगडत राहिल्या, मिटत राहिल्या.
"तुझे खुर्चीवर आधी पेडणेकर होते ना?
त्याना किती होता?"

आठ वर्षं मी ही फाइल उघडते.
जुनी पानं खालच्या कोपऱ्यात असतात,
एका क्लिकवर.
दोनशे सहा माणसांचं मला तोंडपाठ आहे,
कुणाचं किती कापलं, कुणाला उचल दिली.
त्या कोपऱ्यात मात्र
माझा हात कधी गेला नव्हता.

त्या वाट पाहत होत्या.
या वेळी डोळे उघडे ठेवून.

मी साहेबांच्या मुलीचं नाव टाइप केलं.
एक अक्षर चुकलं.
पुन्हा केलं.