परतीची तारीख

ओरूरोत ऑगस्टमध्ये रात्री नळ गोठतात.
असल्या रात्रींत मी शिकायला जाते,
मफलर न सोडता टंकते,
आणि तिकोना सर फळ्यावर चौकोन काढतात.
'तुमच्या धंद्यातली नामं सांगा,' म्हणतात,
'क्रियापदं मागाहून.'

माझा धंदा कार्निव्हलचा. मुखवटे, झगे, खुळखुळे भाड्यानं.
आईची वही पिशवीतून नेली होती.
तिच्यात सगळं एकाच ओळीत नांदतं :
रेल्वेतल्या एउसेबियोनं मोडक्या शिंगाचा सैतान नेला,
अर्धी मेंढी येणं, बायको चांगली.
चार पानांनंतर तोच, आता 'लंगडा एउसेबियो',
पत्ता निराळा,
मेंढी अजून अर्धीच.
सरांनी चष्मा पुसला.
एक ना धड, मीच म्हटलं, भाराभर चिंध्या.

'गोष्ट एकदाच सांगायची. एकाच जागी.
बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं.'

मग महिनाभर माणसं निवडली, तांदूळ निवडावेत तशी.
एउसेबियो, क्रमांक एकेचाळीस.
माणसाला आकडा देताना लाज वाटली आधी,
पण वहीत एउसेबियो निघाले तीन,
तिघांच्या मेंढ्या एकमेकांत चरत होत्या.
नाव बदलतं, घर बदलतं, लंगडणंही बरं होतं कधी.
एकेचाळीस एकेचाळीसच राहतो.

अडलं ते मुखवटा आणि माणूस यांच्यामध्ये.
एक माणूस पुष्कळ मुखवटे नेतो,
एक मुखवटा पुष्कळ तोंडांवर बसतो.
मी रकाने वाढवत गेले : गिऱ्हाईक एक, गिऱ्हाईक दोन…
सातव्याला सर एवढंच म्हणाले,
'आठवा आला तर?'
मध्ये तिसरा तक्ता लागतो.
सोयरीक जुळवणाऱ्या बाईसारखा :
दोन्ही घरची खबर, स्वतःचं म्हणून काही नाही,
ह्याचा क्रमांक, त्याचा क्रमांक,
नेल्याची तारीख,
परतीची तारीख.

आईला पडदा दाखवला.
तिनं कोकाची पानं गालात सरकवली.
'हा प्यायला की रडतो, याला आरशांचा झगा देऊ नये,
हे कुठं लिहिलंस?'
शेऱ्याचा रकाना सरांना आवडत नाही,
आळशाचा पोटमाळा म्हणतात.
मी ठेवला.

जुन्या नोंदी चढवताना आला क्रमांक बारा.
रेनान. माझा भाऊ.
पिवळ्या डोळ्यांचा सैतान नेला, कार्निव्हलच्या आदल्या शुक्रवारी,
आणि नाच संपल्यावर तसाच सरहद्दीपार,
कालामाच्या खाणीत. अकरा वर्षं झाली.
परतीच्या तारखेत मी शून्य घातलं. यंत्र घेईना.
नुसती मोकळी जागा मारली. तीही नको.
'नल् ठेवा,' सर म्हणाले,
'शून्य नव्हे, कोरंही नव्हे.
नल् म्हणजे अजून ठाऊक नाही.
आणि एक नल् दुसऱ्यासारखा आहे का, हे विचारायचं नाही.
दोन न कळलेल्या गोष्टी सारख्या असतीलच असं कुठंय?'
मागच्या बाकावरची खाणकामगाराची विधवा
हे वहीत उतरवून घेत होती, सावकाश.

त्या रात्री रागारागानं बारा पुसायला गेले.
नकार आला :
या ओळीवर दुसऱ्या ओळी टेकलेल्या आहेत.
नियम माझाच. मंगळवारी घातलेला.
शाबासकीसुद्धा मिळाली होती.

आता जानेवारी. दुकानात उभं राहायला जागा नाही.
'पिवळ्या डोळ्यांचा आहे का?' एक मुलगी विचारते.
मी यंत्राला विचारते. क्षणात सांगतं : बाहेर आहे.
'येईल कधी?'
आतून आईचा आवाज :
'शेऱ्यात लिही, डावा डोळा सैल आहे त्याचा.
आणताना कापसात गुंडाळून आण म्हणावं.'

मी लिहिते, अक्षरं मोजून.
मुलीला हिरव्या डोळ्यांचा दाखवते.
घालून बघते, आरशात शिंगं हलवते.
अनामत घेते,
नोंद करते.