अर्जदाराशी नाते

पहिला अर्ज परत आला,
कारण रेशनकार्डावर हुरमतबी आणि आधारवर हुरमत बी.
मधे एक मोकळी जागा.
त्या जागेत म्हणे दोन बायका मावतात.

दुसरा आला, कारण योजना मार्चअखेर संपली होती
आणि एप्रिलात अजून सुरू झाली नव्हती.

तिसऱ्या वेळी ही खिडकी म्हणाली, तुम्ही महिलांमध्ये जा,
वरची खिडकी म्हणाली, तुम्ही अल्पसंख्याकांत जा,
आणि ही मधल्या जिन्यात उभी.
"कुमुदताई, जिन्यात कुणाचं ऑफिस असतं का हो?"

हुरमत शिकलगार. दुकान भवानी पेठेत.
दुकान म्हणजे सहा बाय सातचा पत्रा
आणि त्याखाली सासऱ्याची सायकल.
सासरा गल्लोगल्ली हाळी देत फिरला, मग नवरा.
तो गेल्यावर हिनं सायकल स्टँडवर चढवली ती चढवलीच.
चाक तेवढं फिरत राहिलं.

लक्ष्मी रोडचे शिंपी बुधवारी कात्र्या पाठवतात.
पार्लरच्या पोरी आपल्या जपानी कात्र्या
रुमालात गुंडाळून आणतात, पाखरू आणावं तशा.
ती नखावर धार तपासते,
डोळे मिटून, काहीतरी ऐकल्यासारखी,
आणि परत देते. "याला पाण्याचं मशीन लागतं गं. मुंबईला पाठव."

मशीनचं कोटेशन एक लाख बहात्तर हजार, जीएसटी वेगळा.

बँकेत साहेबांनी विचारलं, धंदा बाईच्या नावावर,
ते ठीक. पण चालवणार कोण?
तिनं त्यांच्या टेबलावरची पाकिटं फोडायची सुरी उचलली.
दारातला गार्ड अर्धा उठला.
पिशवीतून दगड काढून तिनं चार हात ओढले,
सुरी जागेवर ठेवली.
"आधार दिलंय, उधार मागतेय, धार माझी मी लावते."
साहेब हसले. अर्ज घेतला.
खाली लिहिलं: जामीनदार सरकारी नोकर हवा.

तर तो नोकर मी.
मनपा शाळा, वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला सहा वर्षं.
घरी हे म्हणाले, जामीन राहणं म्हणजे
दुसऱ्याच्या छत्रीखाली आपण भिजणं.
दीर म्हणाले, आणि तेही त्यांच्यातल्या?
मी टोमॅटो चिरत होते.
सुरी तिनंच लावलेली, आवाजसुद्धा झाला नाही.

खोटं कशाला बोलू, मीही घाबरले.
रात्री पगाराच्या स्लिपमधून हप्ता वजा करून पाहिला,
मग धाकटीची फी मधे घालून पुन्हा.
वजाबाकी जमत होती.
छाती जमत नव्हती.

सोमवारी कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे
तिचा फोटो आणि माझा, एकाच डिंकानं.
दर पानाला ती म्हणे, "ताई, अजून वेळ आहे.
नको वाटलं तर सांगा. तुमच्या सुऱ्या मी तरीही लावीन."

रकाना चौदा. अर्जदाराशी नाते.
पती, पिता, भाऊ, मुलगा, इतर.
इतरपुढे दोन इंच रेघ.

मैत्रीण? एकमेकींच्या घरी कधी जेवलो नाही.
शेजारीण नाही, जात नाही, गाव नाही.
तेरा वर्षांची ओळख, एका वेळी वीस रुपये
आणि चार वाक्यं, एवढीच.
आई गेली तेव्हा तिचा अडकित्ता घेऊन गेले होते.
हिनं उलटसुलट पाहिला. धार लावली नाही.
"ही आईंच्या हाताची झीज आहे, राहू द्या,"
आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडला.
त्याचे पैसे घेतले नाहीत.

हे दोन इंचांत बसेना.
मी लिहिलं: गिऱ्हाईक.

झेरॉक्सवाला वाकून म्हणाला, अहो मॅडम,
गिऱ्हाईक कधी जामीन राहतं का?
आणि खोडाखोड चालत नाही हां.
मी खोडलं नाही.

अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे अजून.
आज बुधवार.
कात्र्या आल्या असतील.